गावडे मॅडमचं ‘माहीत न्हाय’

गावडे मॅडम काचेच्या पेटीतल्या बाळाशी बोलायच्या. तपासण्याआधी वाकून विचारायच्या, “काय म्हणतोस, राजा?” आणि उत्तराची वाट बघत खरंच थांबायच्या. बारामतीच्या नवजात विभागात मी नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा मला ते लाडिक वाटलं. नंतर कळलं, तेवढ्या वेळात त्या बाळाचा श्वास, रंग, हातापायांची हालचाल सगळं टिपून घेत.

एकदा कन्हेरीची एक मुलगी आली. दिवस भरायच्या आत जन्मलेली, रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला. अँटिबायोटिक चालू होतं, तरी ती मलूल पडत चालली होती. मॅडमनी जोडीला मेलाटोनिन, एरवी झोपेसाठी देतात ते औषध, द्यायचं सुचवलं. रुग्णालयाच्या समितीची परवानगी त्यांनी आधीच मिळवली होती.

मुलीचे आजोबा बिथरले. “झोपंचं औषध? आवं, पोर आधीच डोळं उघडंना!”

मॅडमचं माहेर जवळच्याच कऱ्हाटी गावचं, बोली तीच. त्या आजोबांच्या शेजारी बाकावर बसल्या. “आबा, अंधार पडला की आपल्या अंगात हे आपसूक तयार हुतं. एवढ्याशा लेकरात ते लई कमी असतं. जंतूशी झुंजताना अंगाची जी आग हुती, ती शमवायला ह्याची मदत हुईल असं वाटतंय. जंतू मारायचं काम पयल्या औषधाचंच.”

“पण गुण येईल का?”

“माहीत न्हाय, आबा. थोड्या बाळांत बरं दिसलंय, पर खात्री न्हाय. तुमी नको म्हणला तर न्हाय देणार. बाकी उपचार चालूच ऱ्हातील.”

आबांनी सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, “द्या. बाई खरं बोलत्यात.”

मुलगी सावरली, दूध ओढायला लागली. घरी निघताना आबा म्हणाले, “तुमच्या त्या औषधानंच वाचली.”

“पयल्या औषधानं असंल, आईच्या दुधानं असंल. एका लेकरावरनं कसं सांगू?”

मला रागच आला. एवढं यश पदरात पडलेलं, आणि ह्या ते घेईनात!

निवृत्तीनंतर त्या इंदापूरला राहायला गेल्या. आजारी आहेत असं कळल्यावर मी फोन केला. त्यांना बरं वाटावं म्हणून हौसेनं सांगितलं, की मेलाटोनिन दिलेली बरीच बाळं सावरताहेत.

आवाज खोल गेला होता, पण प्रश्न लगेच आला. “आणि न दिलेली?”

न दिलेल्या बाळांची नोंद मी काढलीच नव्हती.

“ती पण तेवढीच सावरत असतील तर?”

उत्तर घेऊनच इंदापूरला जायचं, असं मी ठरवलं. त्याआधीच त्या गेल्या. मी अजून शोधतेय.