डेलच्या रायफलचं कडं

कोल्ड फोर्कमध्ये रायफलवर दुर्बीण बसवायची तर हार्लन स्कोगनच्या दुकानाशिवाय दुसरं ठिकाण नाही, आणि त्याच्या दुकानात शिरलं की त्याची बोलणी खाल्ल्याशिवाय सुटका नाही. सप्टेंबर लागला, एल्क हरणांचं ओरडणं डोंगरातून खाली ऐकू यायला लागलं, की रोज कुणी ना कुणी त्याच्याशी हुज्जत घालायला हजर. त्यात एमेट पहिला. एमेट शाळेची बस चालवतो, आणि हार्लनला डिवचणं हा त्याचा शिकारीइतकाच आवडता उद्योग.

"फिरवायची दुर्बीण दे रे. तीन ते नऊपटीची."

"ठेवत नाही."

"अरे, अख्खं मॉन्टाना तीच वापरतंय! झाडीत शिरलास तर दुर्बिणीवरचं कडं फिरवून तीनवर, माळावर लांबचं बघायचं तर नऊवर. आणि तू आपला एकाच चारपटीला चिकटून बसलायस. म्हातारचळ लागलाय तुला."

"चारपट तर चारपट. डोळ्याला लावली की समोरचं जनावर अख्खं दिसतं. फिरवायला काही नाही, विसरायला काही नाही."

"मी नाही विसरत. आणि ऐन वेळी मी डेलही करत नाही!"

दुकानातले सगळे हसले. हार्लन पाठ फिरवून काडतुसांची खोकी सारखी करत बसला.

'डेल करणं' म्हणजे आमच्या गावात ऐन मोक्याला पाय लटपटणं. पोरांनी बास्केटबॉलमध्ये सोपा चेंडू घालवला की बाकावरून ओरडा येतो, "डेल केलास की रे!" ज्या डेलमारवरून, म्हणजे डेलवरून, हा शब्द निघाला, तो हार्लनचा सख्खा धाकटा भाऊ, हे आजच्या पोरांना ठाऊकही नसेल. मोठ्यांना मात्र ठाऊक होतं. तरी म्हणायचे. माणसाची जात अशी मेली निर्दय असते.

अठरा वर्षांपूर्वी हार्लनही फिरवायच्या दुर्बिणी विकायचा, आणि हिरिरीने विकायचा. डेलच्या रायफलवर तेव्हा त्यांच्या बापाची जुनी चारपटीची दुर्बीण होती. वरचा रंग उडालेली, पण नजर साफ. डेलला ती सोडायची नव्हती. "मला हिची सवय आहे रे, हातातच बसलीय," तो म्हणायचा. आणि हार्लन, थोरला भाऊ, चारचौघांत त्याला म्हणाला, "ती बाबांबरोबर पुरायलाच हवी होती. एवढा लांबचा एल्क तुझ्या डोळ्यांदेखत निसटतो आणि तू हात चोळत बसतोस!" डेल हसला, मान डोलावली. हार्लनने स्वतःच्या हाताने जुनी उतरवली, नवी बसवली, नेम जुळवून दिला. एक गोष्ट तेवढी राहिली. फिरवायची दुर्बीण वापरणारा शिकारी लांबचा बार टाकला की आधी कडं तीनवर आणतो, जवळचं नीट दिसावं म्हणून, मगच पाऊल उचलतो. दाराला कडी घालावी तशी ती सवय हाताला लावून घ्यावी लागते. तेवीस वर्षं कडंच नसलेली दुर्बीण वापरलेल्या माणसाला ती कुठून असणार? आणि हार्लनने ती लावली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी दोघे भाऊ डोंगराच्या वेगवेगळ्या सोंडांवर बसले होते. सकाळी डेलचा बार झाला. ओढ्यापलीकडे तीनशे पावलांवर एल्क कोसळलेला हार्लनने आपल्या सोंडेवरून पाहिला आणि त्याला केवढा आनंद झाला! बघ म्हणावं, माझी दुर्बीण! डेल एल्क शोधायला खाली झाडोऱ्यात उतरला. अर्ध्या तासाने आणखी एक बार. मग काहीच नाही.

हार्लन पोचला तेव्हा डेलवर झेपावलेलं अस्वल निघून गेलं होतं. डेलचं जे उरलं होतं ते मी सांगत नाही. रायफल बाजूला बर्फात पडली होती, समोरच्या झाडाच्या बुंध्यात गोळी रुतलेली. हार्लनने रायफल उचलली आणि कड्यावरचा आकडा पाहिला. नऊ.

 मग त्याने कडं तीनवर फिरवलं आणि रायफल होती तिथे ठेवली. पुढे तो स्वतःला सांगायचा, डेलची लाज राखली, शिकारी असून कडं विसरला असं कुणी म्हणायला नको. साफ खोटं! लाज राखली ती स्वतःची. ही दुर्बीण तुझ्या दुकानातली ना, असं कुणी विचारू नये म्हणून.

वनखात्याच्या माणसाने सगळं मोजलं. अंतर पंधरा पावलं, दुर्बीण तीनवर, अस्वलावर एकच बार, तोही हुकलेला, रायफलीत दोन गोळ्या शिल्लक. तीनवर पंधरा पावलांवरचं अस्वल हुकतं कसं? हात थरथरले असतील, दुसरं काय. खानावळीत कॉफी थंड व्हायच्या आत गावाने निकाल दिला, आणि वर्षभरात त्या निकालाचा शब्द झाला. हार्लनने फिरवायच्या दुर्बिणी मांडणीवरून काढून टाकल्या. तोंड मात्र उघडलं नाही.

यंदा सप्टेंबरात, दुपारी दुकान रिकामं असताना, लव्हॉन आली. डेलची बायको. गोधडीत गुंडाळलेली रायफल तिने गल्ल्यासमोर ठेवली.

"घर विकलं. पुढच्या आठवड्यात स्पोकॅनला बहिणीकडे जातेय. हिचं काय करायचं ते तू बघ."

हार्लनने गोधडी उलगडली. दुर्बीण तीच. कडं तीनवर.

"इतकी वर्षं मी तुला विचारलं नाही," लव्हॉन म्हणाली. "जायच्या आधी विचारते. तिथे पहिला तू पोचलास. खरं सांग, तो घाबरला होता का रे?"

'मला काय माहीत' एवढं म्हणून भागलं असतं. हार्लनच्या जिभेवर तेच होतं. पण त्याचा हात आपोआप कड्याकडे गेला, आणि लव्हॉनने तो हात पाहिला.

मग त्याने सांगितलं. बापाची दुर्बीण, चारचौघांतली थट्टा, नऊ, तीन, सगळं. सांगताना त्याने एकदाही वर बघितलं नाही.

लव्हॉन रडली नाही की ओरडली नाही. "नऊवर कर," म्हणाली.

त्याने केलं. तिने बोल्ट मागे ओढून रायफल रिकामी असल्याची खात्री केली, खांद्याला लावली आणि दुकानाच्या पलीकडच्या भिंतीवरच्या एल्कच्या मुंडक्यावर धरली. बराच वेळ ती बघत राहिली. रायफल जराशी डावीकडे नेली, जराशी उजवीकडे.

"नुसते केस दिसतात," ती म्हणाली. "धुरकट, तपकिरी केस. डोकं कुठलं, भिंत कुठली, काही कळत नाही."

"नाही कळत."

"म्हणजे तो उभा राहिला. पळाला नाही. उभा राहिला आणि शोधत होता."

"हो."

तिने रायफल खाली ठेवली.  "मीही म्हटलं होतं, हार्लन," ती म्हणाली. "गावच म्हणत नव्हतं. आमच्या मुलाने, वेडने, गिरणीतली नोकरी सोडली तेव्हा मी संतापले आणि पोटच्या पोराला म्हणाले, शेवटी बापासारखाच निघालास, डेल केलंस! तो त्याच रात्री अलास्काला निघून गेला. अकरा वर्षं झाली. माझा आवाज ऐकला की फोन ठेवतो."

 हार्लन तिच्याकडे बघत काडतुसांच्या खोक्यावरच बसला.

"माझ्याकडे बघू नकोस असा," लव्हॉन कडाडली. "फोन कर त्याला. आत्ता. मला सांगितलंस तसंच सांग."

तिने नंबर तोंडपाठ सांगितला. हार्लनने फिरवला. चार वेळा वाजल्यावर पलीकडून एक जाड, अनोळखी झालेला आवाज आला.

"वेड, मी हार्लनकाका. ठेवू नकोस. तुझ्या बाबाबद्दल सांगायचंय." आणि त्याने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या खेपेला लवकर संपलं.

पलीकडे मागे बोटीचं इंजिन धडधडत होतं. मग वेडने विचारलं, "नऊवर होतं?"

"नऊवर."

"आणि तू फिरवलंस."

"मी फिरवलं."

फोन बंद झाला.

लव्हॉन गल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती. "काय म्हणाला?"

"नऊवर होतं का, विचारलं. मग ठेवला."

"माझं काही विचारलं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. बाई स्पोकॅनला जाणार, बहिणीच्या घरी त्या एका शब्दावर उरलेली वर्षं काढणार. हार्लनने तिच्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

लव्हॉनने मान हलवली, गोधडीची घडी घातली आणि काखेत घेतली. रायफल तिने तिथेच ठेवली. दाराशी पोचल्यावर ती न वळता म्हणाली, "कडं आहे तिथेच राहू दे. एमेट आला की त्याला दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी एमेट आला. हार्लनने रायफल त्याच्यापुढे ठेवली. "डेलची आहे. कड्यावरचा आकडा बघ, आणि मी काय केलं ते ऐक," तो म्हणाला.