शेवट न पाहिलेले सिनेमे

मुलं म्हणतात, "बाबा, तुम्हाला एकही सिनेमा आवडत नाही." हे साफ खोटं आहे. मला सगळेच सिनेमे आवडतात. फक्त प्रत्येकाचा शेवटचा पाऊण तास आवडत नाही. त्याला कारण आहे, आणि ते कारण एस.टी. आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या धामणगाव बढ्यातली म्हातारी माणसं सरकारी काम म्हटलं की अजून नागपूरकडे तोंड करत, आणि मी मलकापूरकडे. वय वीस-एकवीस, मॅट्रिक दुसऱ्या खेपेला पास, शेतात उपयोग बेताचा. म्हणून वडिलांनी मला बाहेरच्या कामांवर नेमलं होतं. मलकापूरला जायचं, जिनात कापसाची चौकशी करायची, गुरांसाठी सरकीची ढेप सांगून यायची, इंजिनाचा एखादा सुटा भाग आणायचा. कामं दोनपर्यंत उरकत. तीनला टॉकीज सुरू होई. आणि गावाकडची शेवटची गाडी साडेपाचला सुटे.

आधी सरकारी बातम्या, मग जाहिराती, मग सिनेमा. पडदा पडायला सहा. मी मात्र सव्वापाचलाच अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर. कामाला गेलेला माणूस दिवेलागणीला घरात पाहिजे, हा वडिलांचा नियम. मुक्काम हा शब्द काढायची सोय नव्हती. त्यामुळे त्या काळात मी जितके सिनेमे पाहिले त्यातल्या एकाचाही शेवट पाहिलेला नाही. आणि ही गोष्ट गावात कोणालाही ठाऊक नव्हती.

कारण गावात मी सिनेमातला जाणकार होतो. मलकापूरहून आलो की दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात बायका जमत. आई, काकू, शेजारच्या दोघी-तिघी. पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. त्या शेंगा फोडत आणि मी सिनेमा सांगत असे. शेवटाशी आलो की थांबणं शक्यच नसे. पहिल्या वेळी खरं सांगितलं असतं तर निभावलं असतं, पण काकूनं विचारलं, "मंग? पुढं काय झालं?" आणि माझ्या तोंडून पुढचं आपोआप निघालं. तिथून सवय लागली. सव्वादोन तास कंपनीचे, पुढचा पाऊण तास माझा.

सिनेमा चांगला की वाईट हे मी तिथेच शिकलो. चांगला भाग आला की शेंगा फोडणारे हात थांबतात. याहून पक्की परीक्षा मला आजवर सापडलेली नाही. पेपरात लिहिणारे लोक चित्रणाबिद्रणाबद्दल लिहितात. त्यांच्यासमोर एकदा शेंगांचं पोतं ओतायला हवं.

देवाधर्माच्या सिनेमांचे माझ्यावर उपकार आहेत. शेवट सगळ्यांना आधीच माहीत, त्यामुळे तिथे एस.टी.नं माझं काही बिघडवलं नाही. वडिलांना तेच आवडत. त्यांच्या तरुणपणी पडद्याला आवाज नव्हता. देव तोंड हलवायचा आणि शेजारी उभा माणूस वाचून दाखवायचा. वडील म्हणत, "तेव्हाचा देव बोलत नव्हता म्हणून देव वाटे. आताचा देव लय बोलून राह्यला." हे मला पटतं.

तलवारीच्या सिनेमात राजाला एक जुळा भाऊ असतो हे दहाव्या मिनिटाला कळतं. सेनापतीच्या मिशीवरून तो फितूर आहे हे विसाव्या मिनिटाला. पुढचे दोन तास घोडे. भुताच्या सिनेमात पांढरं लुगडं नेसलेली बाई मेणबत्ती घेऊन फिरते, आणि मलकापूरची टॉकीज स्टेशनाजवळ असल्यामुळे नेमकं तिनं तोंड उघडलं की नागपूरची गाडी शिटी मारी. मी पाहिलेली सगळी भुतं शिटी मारतात. रंगीत सिनेमे आले तेव्हा डोळे दिपले, पण एक शंका आजही फिटली नाही. बर्फाच्या डोंगरावर महिनाभर गाणी म्हणत फिरणाऱ्या त्या माणसाला सुटी कोणत्या कचेरीनं दिली?

मराठी ग्रामीण सिनेमांवर मात्र माझा राग आहे. त्यातली गावं धुतलेली असतात. शेतकऱ्याच्या धोतराला कापसाचा एक तंतू चिकटलेला दिसणार नाही. आणि भाषा सगळी आमच्या मुलखापलीकडची. आमच्यासारखं बोलणारा माणूस पडद्यावर आला तर समजावं, हा गडी आहे आणि आता पडणार आहे. आमच्या बोलण्यात कोणी प्रेम करताना मी पाहिलेलं नाही. घरात मात्र पाहिलं, त्याचीच ही गोष्ट.

माझी थोरली बहीण जानेफळला दिली होती. त्या दिवाळीला मी मुऱ्हाळी होऊन तिला माहेरी आणायला गेलो. आमच्याकडची रीत अशी की माहेरच्यानं लेक न्यायची आणि माहेरच्यानंच परत पोचवायची. जावई स्वतःहून न्यायला येत नाही. आला तर लोक म्हणतात, दोन दिवस धीर निघाला नाही. आता नेमकं मी गेलो त्या दिवशी तिच्या सासरी रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले गव्हाचे जाड रोडगे आणि वांग्याची भाजी. भाजायला माझी बहीण बसलेली. चार-पाच रोडगे जास्त भाजले. वीस माणसांच्या पंगतीत भाऊजी हसत हसत म्हणाले, "धामणगावले रोडगे वाढत नाहीत, कोळसेच वाढतात. पाहुणा बसला आहे, विचारा त्याले."

पाहुणा म्हणजे मी. पंगत हसली. मीही हसलो, हे कबूल करतो. बहीण हसली नाही.

दिवाळी झाली, मार्गशीर्ष गेला, पौष लागला, तरी बहीण निघायचं नाव काढेना. "मी काऊन जाऊ? बोलले ते. यावं त्यायनं." तिकडून निरोप आला, तुम्ही नेली, तुम्हीच आणून घाला. दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर होती आणि दिवस चालले होते. संक्रांत तोंडावर आली. लेक संक्रांतीला सासरी नसली तर गाव बोलणार, आणि बोलायला लागलं की ती कायमची आली असंच म्हणणार. आईचं जेवण कमी झालं. वडील मला दिवसातून दोनदा सांगत, "तू आणली, तू नेऊन घाल." बहीण मात्र शेंगा फोडत बसे.

त्याच आठवड्यात मी मलकापूरला एक घरगुती सिनेमा पाहिला. नवऱ्याच्या तोंडून चारचौघांत एक शब्द जातो, बायको माहेरी निघून जाते, दोघं दोन खिडक्यांत उभं राहून एकच गाणं म्हणतात. ती सज्ज्यात येऊन रस्त्याकडे बघते, इतक्यात सव्वापाच झाले.

दुसऱ्या दिवशी अंगणात मी तो सांगितला. सज्ज्यापाशी आलो आणि तिथून माझा शेवट सुरू केला. रस्त्यावर धूळ उठते. बैलगाडी येते. नवरा खाली उतरतो. सासरे दारात उभे. विचारतात, "कोण पाहिजे?" तो मान खाली घालून एवढंच म्हणतो, "चुकलो."

सगळे हात थांबले. बहिणीचाही थांबला.

"सोताच आला?" तिनं विचारलं.

"स्वतः."

"कोणाले पाठवलं नाही?"

"एकटाच आला."

"हं," म्हणाली, आणि शेंग फोडली. संध्याकाळी वडिलांनी निघायचा विषय काढला तर ठामपणे म्हणाली, "बाबा, येतात लोक. शिकलेले लोक येतात. सिनेमात दाखवून राह्यले."

वडील माझ्याकडे वळले. "तुह्या सिनेमानं घर मोडते काय बे आता?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की शेवट पाहायला हवा होता. सकाळी उठलो आणि कोणाला न विचारता जानेफळची वाट धरली. बुलडाण्याला एक गाडी बदलली, मेहकरला दुसरी. भाऊजींना काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, पण सिनेमा सांगायचा एवढं ठरलं होतं. दुसरं मला काही येतच नव्हतं.

भाऊजी ओसरीवर बसले होते. त्यांची आई खाली बसून सुपात तूर पाखडत होती. चहा झाला. मी इकडचं तिकडचं बोलत सिनेमावर आलो. दोन खिडक्या झाल्या, सज्जा झाला, बैलगाडी निघाली, तेव्हा भाऊजींनी हात वर केला.

"थांब बे. हा सिनेमा मी खामगावले पाह्यला."

मी बैलगाडी जागच्या जागी थांबवली.

"बैलगाडी कुठून आणली तू? शेवटी ती सोताच येते. पायावर पडते. सासू आरती ओवाळते. मी पाह्यलं न डोळ्यानं."

"म्हणून तुम्ही…"

"म्हणून वाट पाहून राह्यलो. येईल ती, सिनेमात आली तशी."

आता झालं होतं असं. माझी बहीण धामणगावात माझ्या शेवटाची वाट पाहत होती, आणि तिचा नवरा जानेफळात खऱ्या शेवटाची.

"खरं सांग, तू शेवट पाह्यला काय?" भाऊजींनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "साडेपाचची गाडी असते."

"मंग आजवर जे सांगितले ते?"

"सगळे शेवट माझे."

भाऊजी इतके हसले की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली. सुपाचा आवाज मात्र चालूच होता. आणि ते हसणं ऐकून मला एकदम धीर आला. आजही सिनेमाबद्दल बोलताना तोच धीर माझ्याकडे आहे. माझी इज्जत गेलीच होती. आता राखायचं काही नव्हतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुम्ही पाहिला तो शेवट खरा असेल, पण कच्चा आहे. वरून भाजलेला, आत पीठ. मला सांगा, चारचौघांत शब्द कोणाच्या तोंडून गेला? नवऱ्याच्या. मग पायावर ती कायले पडते? तिचं काय चुकलं? अडीच तास दाखवलं की ह्याचं चुकलं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत माफी मागायला तिला पाठवली. त्या कंपनीलाही साडेपाचची गाडी धरायची असेल. शेवट घाईत केला आहे."

भाऊजींनी चहाची बशी बाजूला सारली. मला वाटलं, आता हाकलतात. मग लक्षात आलं, सुपाचा आवाज बंद झालाय. म्हातारीचे हात थांबले होते.

"मी बी आल्ती एकदा परत," ती सुपाकडे बघतच म्हणाली. "कोणी न आणता. लेकरू कडेवर घेऊन. ओवाळलं बी होतं मले." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "पण ते मी विसरली नाही अजून."

ते कडेवरचं लेकरू म्हणजे भाऊजी. ते उठून आत गेले. मी त्या दिवशीच्या परतीच्या गाडीत बसलो तेव्हा काय ठरलं हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी एस.टी.च्या थांब्यावर मला भाऊजी उतरताना दिसले. हातात पिशवी, पायात नवे जोडे. मी त्यांच्यासोबत घराकडे निघालो. वाटेत आमच्या गल्लीतल्या दोन-तीन दारांतून लोक बघू लागले. जावई न्यायला आला, ही बातमी आमच्या पुढं पळत होती. मी चालता चालता विचारलं, "काय म्हणणार?"

"गप चाल बे."

दारापाशी पोचलो. बहीण अंगणात शेंगांच्या ढिगापाशी बसली होती. तिनं वर पाहिलं. भाऊजींनी जोडे काढले. तोंड उघडलं. आणि नेमक्या त्या क्षणी आई आतून ओरडली, "अरे, जवाई आले! पळ, मळ्यातून वांगे घेऊन ये, पळ!"

आईचा शब्द म्हणजे साडेपाचची गाडी. मी पळालो.

वांगी घेऊन आलो तेव्हा भाऊजी ओसरीवर पाणी पीत होते आणि बहीण परसात गोवऱ्या रचत होती. त्या दिवशी रोडगे झाले. दोन-तीन जास्तच भाजले. मुद्दाम की कसे, कोणास ठाऊक. भाऊजींनी तेच उचलून घेतले आणि राखेसकट मुकाट्यानं खाल्ले. संक्रांतीला बहीण जानेफळला होती.

दारात ते काय बोलले हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढे मुलांना, भाच्यांना ही गोष्ट सांगताना कधी ते "चुकलो" म्हणतात, कधी "रोडगे आहेत काय?" म्हणतात, कधी नुसतेच उभे राहतात. आता मारामारीच्या सिनेमांचे दिवस आहेत, सगळं संपल्यावर पोलीस येतात. हे मात्र खरं दाखवतात. मला आता गाडी धरायची नसते, शेवटपर्यंत बसतो, आणि बहुतेक वेळा वाटतं की सव्वापाचला उठलो असतो तर बरं झालं असतं.

मागच्या दिवाळीला बहीण आली होती. पोरांनी गराडा घातला, आत्या, तूच सांग, आतोबा दारात काय म्हणाले? मीही कान दिला. वीस वर्षांनी का होईना.

तिनं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि माझ्याकडे बोट केलं.

"त्याले विचारा. त्याले शेवट पाहावा थोडाच लागते."