सात बाटल्या घेऊन नंदाखाल ते वसई

किण किण, किणकिण. काचेला काच लागल्याचा तो आवाज अजून कानात आहे. वेताच्या टोपलीत केळीच्या सोपटांत गुंडाळलेल्या सात रिकाम्या बाटल्या, आणि खाचखळग्यांतून डुलत चाललेली बैलगाडी. एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट; मी गावच्या शाळेत नुकताच मास्तर लागलो होतो. नातवंडं मला मनाली नि केरळच्या सहली दाखवतात. मी त्यांना ही सांगतो: नंदाखाल ते वसई, मुक्काम सरकारी दवाखाना.

आमच्याकडे तेव्हा आजारी माणूस दवाखान्यात जात नसे, त्याची बाटली जाई. आठवड्यातून एकदा आळीतला कुणीतरी घरोघरच्या बाटल्या गोळा करी, डॉक्टरांना ज्याचं त्याचं दुखणं सांगे आणि औषध भरून आणी. त्या आठवड्यात पाळी माझी आली.

सात दुखणी लक्षात कशी ठेवायची? मला शाळेपासून कवितेचं वेड. रात्री बसून मी सातही दुखण्यांच्या ओव्या रचल्या. शेजारच्या इनासकाकांची अशी:

इनासकाका गुडघा धरी,
बसता उठता हाय करी,
तेल चोळुनी झाले तरी
उतार नाही॥

सातवी बाटली आमच्याच घरची, माझ्या आत्याची. तिचा नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच होती. सगळी वाडी तीच शिंपायची. दोन महिने खोकत होती. "तूच चल ना गं," मी म्हणालो, तर म्हणाली, "तुझ्या आतोबांना गाडीत घालून नेलं ते परत आले का? बाटली ने. बाटली परत येते."

पहाटे निघालो. पानवेलीच्या मांडवांवर दव, केळींची पानं ओली, आणि बैलांच्या घुंगरांत मला चक्क भुजंगप्रयात ऐकू येत होता. निर्मळच्या तळ्याशी बैलांना पाणी दाखवलं. गाडीवाला वसईच्या बाजारात केळी घेऊन चालला होता. भाड्याचं नाव काढलं तर रागावला, मग गिरीजला त्याला चहा नि पाव खिलवला तेव्हा खुलला. आज हाच रस्ता बसने तासाभराचा आहे. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, आणि खिडकी पश्चिमेची धरा. वाड्या अजून शिल्लक आहेत तिथे तरी डोळे निवतील.

दवाखान्याची शिस्त पाहून मी थक्क झालो. पडवीच्या पायरीवर बाटल्यांची रांग, आणि बाटल्यांचे मालक चिंचेच्या सावलीत गप्पा मारत बसलेले. औषध फुकट, बाटली आपली. कंपाउंडर खिडकीतून हात काढून प्रत्येक बाटली हुंगायचा. "ही घासलेटाची! धुऊन आणा." औषध भरलं की कागदाची पट्टी कात्रीने कातरून बाटलीला चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही औषध कळावं, अशी ती सोय. मला तर ती पट्टीसुद्धा वृत्तात बसवलेली वाटली.

माझ्यामागे वसईच्याच पाचूबंदरची एक कोळीण होती, मोनीबाय. टोपली बघून म्हणाली, "सात बाटल्या? दारूचं दुकान काढतोस का काय मास्तर?"

नंबर लागला. मी डॉक्टरांपुढे उभा राहून ओव्या म्हणायला लागलो. दुसऱ्या ओवीला मोनीबाय पदर तोंडाशी धरून हसायला लागली. डॉक्टर मात्र गंभीरपणे लिहून घेत होते.

"काव्य छान आहे हो," ते म्हणाले. "पण तुमच्या गावातनं नेहमी बाटल्याच येतात. माणसं राहतात ना तिथे?"

मग आत्याची ओवी आली. खोकला भारी, शेजारी जागे, काढे हरले. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"आणखी काय होतं त्यांना?"

"आणखी..." तिला संध्याकाळची कणकण येत होती. चोळ्या सैल झाल्या होत्या. हे दोन्ही मला ठाऊक होतं, पण ओवीत बसेना म्हणून मी गाळलं होतं. सांगितलं, तेव्हा कान तापले.

डॉक्टरांनी सहा बाटल्या भरायला सांगितल्या. सातवी माझ्या हातात परत दिली. "ही भरणार नाही. छाती ऐकल्याशिवाय मिक्स्चर दिलं तर मीच तिचं नुकसान करीन. आठवड्याच्या आत माणूस आणा. उशीर करू नका."

बाहेर आल्यावर मोनीबायनं विचारलं, "येल का ती?"

"नाही येणार. घाबरते."

"घर कंच्या बाजूला तुझं?"

"नंदाखालला, देवळामागची पहिली वाडी."

"हं," एवढंच म्हणून ती खिडकीकडे वळली.

घरी आल्यावर व्हायचं तेच झालं. "सहा घरांत औषध पोचलं नि माझीच बाटली कोरडी?" आत्या भिंतीकडे तोंड करून बसली. बाबांनी समजावलं, आईनं समजावलं. मी पाया पडलो. ती ढिम्म. दोन दिवस घरात फक्त तिचा खोकला बोलत होता.

प्रवासातून काय उरतं, असं लोक शेवटी लिहितात. माझ्याकडे उरली ती दोन वाक्यं, जी मी ओवीत घातली नव्हती. तेव्हापासून कुणी दुखणं सांगू लागलं की मी गप्प बसून शेवटपर्यंत ऐकतो. कविता नंतर.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेज पीत होतो. अंगणातून खणखणीत हाक आली, "खोकलेवाली कोन गो हितं?"

दारात मोनीबाय! एवढ्या लांबून, नाव माहीत नसलेल्या बाईसाठी. ती सरळ आत आली आणि आत्याच्या शेजारी मांडी घालून बसली.

"माझापन असाच होता खोकला. चोळीत दोन मी मावायची. त्याच डाक्टरनं सुया टोचल्या, आता बघ." तिनं आपला जाडजूड दंड पुढे केला. आत्यानं भिंतीकडचं तोंड हळूच वळवलं.

"आदी मला पानी दे," मोनीबाय म्हणाली, "मंग लुगडं बदल. गाडी वाटंवर उभी केलीय, नि बैल काय माझ्या बापाचे नाय, थांबायचे नाय ते!"