भोईरची स्टीलची जोडवी

"हवालदार, ये वर्कशॉप है या सुनार की दुकान?"

सुभेदारसाहेब दारातून ओरडत होते आणि माझ्या हातात बिघडलेलं तिसरं जोडवं होतं. वेळ ०९४०. ठिकाण, उंचावरचं आमचं फील्ड वर्कशॉप. थंडी अशी, की तोंडातून शिवी निघाली तर गोठून बुटावर पडायची.

गिऱ्हाईक होता लान्स नाईक भोईर, रिकव्हरी गाडीचा ड्रायव्हर. गाव टिटवाळ्याजवळ. मी डोंबिवलीचा, म्हणून मला हक्काने छळायचा. त्याच्या बायकोची, सुरेखाची जोडवी भातलावणीच्या चिखलात गेलेली. सुट्टीवर जाताना नवी न्यायची होती.

"चांदीची कल्यानला कुनीपन घेतो," तो म्हणायचा. "मला फौजेची पायजेत."

फौजेची म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या नटाची. नट व्हाइसच्या जबड्यात आवळून धरायचा, गोल कानशीने आतले आटे काढायचे, बाहेरचे सहा कोपरे उतरवायचे, वरून पॉलिश पेपर. मी रणगाड्याचं इंजिन एका शिंकेत उतरवणारा माणूस! पण ही जोडवी काही जमेनात. भोईरने माप आणलं होतं लोकरीच्या धाग्यावर. मी धागा ताणून पट्टीवर धरायचो, दर वेळी माप वाढायचं. तिसऱ्या जोडव्यातून तर सुभेदारसाहेब बुटासकट पार झाले असते.

"उस्ताद, बायको हाय माजी, हत्तीन नाय."

"माप कुणी घेतलं?"

"मीच. ती झोपलेली तवा."

"अरे गाढवा, लोकर ताणते!"

"मग तानू नका ना."

एवढी साधी गोष्ट ड्रायव्हरने फिटरला शिकवावी! मी कानस आपटली.

११२० ला रेडिओवर निरोप आला. खालच्या वळणावर रेशनची गाडी अडकलेली. भोईर आणि त्याची गाडी निघाली.

"सांजच्याला दोनी पायजेत, उस्ताद."

"निघ आधी."

१४१५. "रिकव्हरी वन, रिपोर्ट. ओव्हर."

काही नाही.

"रिकव्हरी वन, रिपोर्ट. ओव्हर."

वळणावर वरून बर्फाचा कडा कोसळला होता. आम्ही खणत राहिलो. १७५० ला भोईर सापडला. इथे मी काही वाढवून सांगत नाही.

जोडवी मी पुरी केली. धागा सैल ठेवून मोजला, नट जोरजोराने घासले. कुणावर चिडलो होतो ते विचारू नका.

पुढच्या सुट्टीत टिटवाळ्याहून रिक्षा करून त्याच्या गावी गेलो. सुरेखावहिनींपुढे रुमाल उघडला. मग त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. बोटं मोकळी. नवऱ्यामागे जोडवी उतरवतात, हे सबंध प्रवासात माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रुमाल परत गुंडाळायला लागलो, तोंडाची टकळी चालू. लोकर ताणते, माप चुकलं असणार, मी आपलं असंच आणलं, घालायची नाहीतच.

वहिनींनी रुमाल ओढून घेतला. दारात सासू उभी होती. तिच्यासमोरच खाली बसल्या. एका पायात घातलं, मग दुसऱ्यात.

"माप बरोबर हाय, भावजी."