नापास झाल्याचे पेढे

नव्वदच्या दशकात ठाण्याच्या ज्या हॉस्पिटलात मी शिकत होते, तिथे मोठं आतडं आतून तपासायची दुर्बीण सरांच्या हातून सुटत नसे. आम्ही शिकाऊ डॉक्टर मागे उभे राहून माना उंचावायचो. एकदा ती माझ्या हाती आली आणि टेबलावरच्या कळव्याच्या कोळीण मावशी कळवळल्या, "आगो बाय, जीव घेतस का माजा!" सरांनी लगेच दुर्बीण काढून घेतली. मला मावशींचं वाईट वाटलं आणि सरांचा रागही आला. माणसांवर शिकायचं नाही, तर शिकायचं कशावर?

मग मी हट्टालाच पेटले. डोंबिवलीत आमच्या घरामागेच एमआयडीसी. तिथून मऊ रबरी नळी आणली, लाकडी खोक्यात आतड्यासारखी वळणं देऊन पट्ट्या ठोकून घट्ट बसवली आणि पार टोकाला आतून एक लाल टिकली चिकटवली. हॉस्पिटलच्या कपाटातली जुनी दुर्बीण घालायची; टिकली दिसली की पास. खोकं पाहून सर म्हणाले, "यावर पास होईल त्याला पेशंट देतो. चल, लावू या परीक्षा."

आम्ही सगळे भराभर पास झालो, मी सर्वांत आधी. सरांनाच सर्वांत जास्त वेळ लागला. पोरं ओरडली, "सर, हरलात!" सरांनी हसून शब्द पाळला. पुढचा पेशंट माझा.

खोकं घेऊन घरी आले, पण आनंद काही होईना. परीक्षेत सर प्रत्येक वळणावर दुर्बीण थोडी मागे घेत होते. पोटातलं आतडं सैल असतं. नुसतं रेटलं की त्याचा फास होतो, ते ताणलं जातं आणि माणूस ओरडतो. मागे घेतलं की ते सरळ होतं. माझी नळी जागची हलतच नव्हती, म्हणून आमची रेटारेटी खपून गेली. नवशिके जिंकतात आणि मुरलेला हात हरतो, ते खोकं काय कामाचं? मी पट्ट्या उपटायला घेतल्या.

आई वैतागली, "अगं, मिळालंय ना तुला हवं ते? मग मोडतेस कशाला?"

"खोटं आहे म्हणून."

शिंप्याकडून इलॅस्टिक आणून नळी सैल टांगली. सरांना सांगितलं, परीक्षा पुन्हा. या वेळी पोरं मधेच अडकली. सर गप्पा मारत टोकाला पोचले. शेवटी मी बसले. रेटलं, मागे घेतलं, पुन्हा रेटलं. टिकली काही दिसली नाही. हातातला पेशंट गेला म्हणून रडू आलं, आणि त्याच वेळी हसूही आवरेना.

टेंभी नाक्यावरून पेढे आणून सरांसमोर धरले.

"कसले गं?"

"मी नापास झाल्याचे. खोकं पास झालं, सर."

सरांनी पेढा तोंडात टाकला आणि खोकं माझ्याकडे सरकवलं. "मग आता बस. जमेपर्यंत उठायचं नाही."

मी हात धुतले आणि बसले.