फुंकर

माझे वडील आज मला हाक मारू शकतात, ते एका बाईंमुळे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

बाबांचा आवाज गेल्यापासून उशाशी ठेवलेली बेल हीच त्यांची हाक. ती बंद पडली. मी व्हिडिओ बघून घरीच सोल्डरिंग केलं, तर ती मनात आलं की वाजायची, नाही तर गप्प. शेवटी बेल आणि तिच्या आतला सर्किट बोर्ड घेऊन कोपरखैरण्यातल्या सुट्या पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने गरम सोल्डरिंग गन माझ्याच हातात दिली. मी सोल्डरचा टाका दिला आणि सवयीने त्यावर फुंकर मारली.

"अहो दादा, फुकता कशाला!" शेजारच्या गिऱ्हाईक बाई ओरडल्याच. "आमच्या कंपनीत यावरून लय बोलणी खाल्लीत मी. फुकलं की टाका वरून धरतो, आतून सुटतो. त्याचा तो थंड होऊ द्या."

चष्मा नाकावर चढवून त्यांनीच बोर्ड घेतला. तांब्याच्या तारांची वेणी ठेवून, वर गरम गन टेकवून माझं जुनं सोल्डर शोषून घेतलं. नवा टाका दिला आणि नुकत्याच निजलेल्या बाळापाशी थांबावं तशा हात मागे घेऊन थांबल्या. थेंब चमकला. बेल वाजली, पुन्हा वाजली.

बाबा हल्ली काम नसतानाही बेल वाजवतात आणि मी गेलो की नुसते हसतात. तेव्हा मला त्या बाई आठवतात. त्या दिवशी आनंदाच्या भरात बोर्ड उचलायला गेलो आणि माझं बोट गनला लागलं. बाईंनी ते झटकन धरलं, त्यावर हळूच फुंकर घातली आणि म्हणाल्या, "माणसाला चालते."