पाचव्या माणसाचं नाव

आज संध्याकाळी लेक आली, जेवली, स्वतःचं ताट घासून पालथं घातलं आणि निघताना एक पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "हे माळ्यावर टाक. आता लागणार नाही." पिशवीत तिचं हेल्मेट होतं, डोक्याला बांधायचा दिवा होता आणि गुडघ्यांना बांधायच्या, दोनदा शिवलेल्या जाड पट्ट्या. ती भांडली असती, आदळआपट केली असती, तर मी निवांत झोपले असते. भांडणाऱ्या मुलीची काळजी मी चौतीस वर्षं करतेय, ती अंगवळणी पडलीय. ही गप्प मुलगी माझ्या ओळखीची नाही. रात्रीचा एक वाजून गेलाय आणि पिशवी अजून टेबलावरच आहे. माळ्यापर्यंत माझा हात पोचत नाही हे एक कारण. दुसरं कारण जड आहे, ते लिहूनच काढावं म्हणते.

तिला घरीदारी सगळे चिचुंद्री म्हणतात. नाव माझ्या धाकट्या भावाने ठेवलं. चार वर्षांची असल्यापासून तिला पलंगाखालून, कपाटामागून, जिन्याखालच्या अडगळीतून ओढून काढावं लागायचं. बाहेर आली की केसांत जळमटं, गाल काळे आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू देशच शोधून आलीय. "आत काय होतं गं?" असं विचारलं की म्हणायची, "काही नाही. पण कोणी बघितलं नव्हतं."

एक सवय मात्र तिला मी लावली. तिचे बाबा छापखान्यात रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. दार बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचं, "येऊ का?" विचारायचं, उत्तर आलं नाही तर आल्या पावली परत फिरायचं, असं मी तिला शिकवलं. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्या खोलीत आता शिवणयंत्र आणि रद्दी आहे. अजूनही ती आत जाण्याआधी दोनदा वाजवते.

शिकली चांगली. मला वाटलं बँकेत जाईल, निदान शाळेत शिकवेल. ही गेली नगरपालिकेच्या सांडपाणी खात्यात. रस्त्याखालच्या जुन्या नळांमध्ये चाकांवरचा कॅमेरा सोडायचा, कुठे तडा गेलाय, कुठे झाडाची मुळं घुसलीत ते नकाशावर मांडायचं, आणि कॅमेरा अडकला की स्वतः उतरायचं. मॅनहोलचं झाकण काढण्याआधी ती पहारीने त्यावर दोनदा ठोकते. तिचा मुकादम एकदा म्हणाला होता, "बाई, आतून कोणी 'ये' म्हणालं तर?" ही म्हणाली, "मग तुम्ही पुढे व्हा, तुम्ही सीनियर." हा किस्सा ती हसत हसत सांगत होती. मी हसले नाही. मी विचारलं, "हात धुतलेस का?"

लोकांना मी सांगायचे, ती सर्व्हेला आहे. कसला सर्व्हे, हे कोणी विचारू नये म्हणून लगेच चहा टाकायचे. तिचे गमबूट जिन्यात दिसायला नकोत म्हणून गच्चीवर ठेवायला लावायचे. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायला लावल्या, कोपरं खरचटलेली होती म्हणून. आणि एक गोष्ट अशी आहे जी मी कोणालाच सांगितलेली नाही. एकदा ऑफिसातल्या दोघींबरोबर मी बाजाररस्त्याने चालले होते. दहा पावलांवरच्या मॅनहोलमधून एक पिवळं हेल्मेट वर आलं, चिखलाचा चेहरा वर आला आणि हात हलवून ओरडला, "आई!" मी चपलांच्या दुकानाच्या काचेकडे वळले. काचेत मला ती दिसत होती. हात थोडा वेळ वर राहिला, मग खाली गेला.  

गावामागच्या टेकडीत भुयारं आहेत. मोठ्या युद्धात सैन्याने खोदली, युद्ध संपल्यावर तशीच टाकून दिली. तोंडांवर झुडपं माजली, काही ढासळली, काहींत वटवाघळं राहिली. चार वर्षांपासून ती रविवारी तिथे जाते. सहा जणांचा गट आहे. गटाचे प्रमुख भूगोलाचे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणतात. ते भुयारं मोजतात, नकाशे करतात, धोक्याची तोंडं बंद करून घेतात. नियम कडक. आतलं काही उचलायचं नाही, हलवायचं नाही, धूळसुद्धा पुसायची नाही. कुठे जातोय हे बाहेर बोलायचं नाही. आणि पाकीट.

दर रविवारी प्रत्येकाने घरच्या एका माणसाकडे बंद पाकीट ठेवायचं. आत कागदावर कोणतं तोंड, वाट कशी, परत यायची वेळ. पाकिटाच्या पाठीवर सरांचा नंबर आणि त्याखाली एक ओळ: 'वेळ टळून तासभर झाला आणि माणूस परत आला नाही, तरच उघडा आणि फोन करा.' माणूस परत आला की पाकीट न उघडता फाडून टाकायचं. माझ्या लेकीचं पाकीट माझ्याकडे असायचं.

मी ते दर रविवारी उघडायचे. ती जिना उतरली की चहाच्या किटलीच्या वाफेवर धरायचे, कागद वाचायचे आणि डिंक लावून परत चिकटवायचे. मूल कुठल्या भोकात शिरलंय हे माहीत नसताना भाजी चिरता येत नाही हो. ती परत आल्यावर पाकीट उलटसुलट बघायची आणि फाडायची. चार वर्षांत तिला कळलं नसेल असं मला वाटायचं. मुलीचा धंदाच तडे शोधण्याचा, आणि मला वाटायचं!

दीड महिन्यापूर्वीच्या एका रविवारी ती उशिरा आली. बूट न काढता खुर्चीवर बसली. मी ओरडायच्या बेतात होते, पण तिचा चेहरा बघून थांबले. म्हणाली, "आई, आत पाच जण आहेत."

छत कोसळून आतला भाग बंद झाला होता. नव्या पावसाने माती सरकली आणि एक माणूस सरपटत जाईल एवढी फट झाली. सगळ्यांत बारीक हीच, म्हणून हीच आत गेली. पाच सैनिक भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेले होते. म्हणजे, हाडं. प्रत्येकाचं सामान प्रत्येकाच्या उजव्या हाताशी नीट मांडलेलं. "वाट बघत बसले असणार," ती म्हणाली. तिने हेल्मेट काढून हातात घेतलं, थोडा वेळ त्यांच्यासमोर बसली आणि कोणी पुढे जाऊ नये म्हणून पांढरी फीत लावून मागे सरकत बाहेर आली. चार जणांच्या गळ्यात नाव कोरलेले ओळखीचे बिल्ले होते. पाचव्याचा गंजून भुगा झालेला. पण त्याच्या हाताशी पत्र्याची पाण्याची बाटली होती आणि तिच्यावर धुळीखाली कशाच्या तरी टोकाने कोरलेली अक्षरं दिसत होती.

"मग वाचलंस का नाही?"

"पुसावं लागलं असतं, आई. दहा दिवसांत सरकारी पथक येतंय, ते वाचतील. इतकी वर्षं थांबलाय, दहा दिवस थांबेल."

मी विचारलं, "आत शिरताना वाजवलंस?" माझ्या तोंडून ते चेष्टेने गेलं.

ती गंभीरपणे म्हणाली, "हो. दगडावर. दोनदा."

त्या दिवशी ती पाकीट फाडायला विसरली.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ आला. त्याला जुन्या वस्तूंचा नाद आहे. घड्याळं, पदकं, तलवारीच्या मुठी असं सगळं काचेच्या कपाटात मांडून ठेवतो. सोफ्यावर टेकायच्या आत त्याने सुरू केलं, "काय ताई, आमची चिचुंद्री काय म्हणते? अजून गटारातच?"

इतकी वर्षं हे ऐकून मी नुसतं कसनुसं हसत आले. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे उत्तर होतं. म्हटलं, "गटारात नाही. पाच सैनिक सापडलेत तिला. सरकारचं पथक येणार आहे तिच्यामुळे."

"चल, थापा नको मारूस."

"थापा?" असं म्हणून मी उठले आणि पाकिटातला कागद आणून त्याच्यापुढे धरला. पहिला नंबर आलेल्या पोरीचं प्रगतिपुस्तक दाखवावं, तसा. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि कागद सावकाश, दोनदा वाचला. मला वाटलं, कौतुकाने वाचतोय. जन्मभर तिची लाज वाटली तेव्हा मी तिचं काही वाकडं केलं नव्हतं. अभिमान वाटला आणि घात केला.

पथक आलं तेव्हा फट खणून मोठी केलेली आणि फीत तुटलेली होती. मातीत बुटांचे ठसे आणि सिगारेटची थोटकं. सामान ओढून काढताना दोघांची हाडं एकमेकांत गेली होती. बक्कल, बटणं आणि ती बाटली नाहीशी झाली होती. सरांनी सहाही जणांना समोर बसवून एकच विचारलं: कोणाकडून बाहेर गेलं? माझी मुलगी म्हणाली, "माझ्याकडून." कसं, कोणाला, ते सांगितलं नाही. सरांनी तिच्याकडची, बंद केलेल्या तोंडांवरच्या जाळीच्या दारांची किल्ली काढून घेतली. येत्या शनिवारी त्या पाचांना सन्मानाने पुरणार आहेत. तिथेही तिने येऊ नये असं ठरलं. ती आत गेली नसती तर ते पाच अजून तिथेच असते, पण हे कोणी बोललं नाही. 

हे ती मला सांगत होती तेव्हा मी काय केलं? मी चेहरा कोरा ठेवून विचारलं, "कोणी सांगितलं असेल गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. "जाऊ दे, आई," म्हणाली.

गेल्या रविवारी भावाकडे गेले. बाटली कपाटात मधल्या फळीवर होती, घासूनपुसून चकचकीत केलेली. अक्षरं खोल कोरलेली होती म्हणून टिकली. मी पूर्ण नाव वाचलं. ते इथे लिहीत नाही. ज्यांचं आहे त्यांच्यापर्यंत आधी जायला हवं.

मी म्हटलं, "अरे, ती त्याच्या हाताशी होती."

"ताई, तो काय आता पाणी पिणार आहे?"

आणि मी हसले. देवाशपथ सांगते, हसले. सवयीने. त्याच्या विनोदाला हसायची मला लहानपणापासून सवय आहे. हसू तोंडावर असतानाच मला त्या चपलांच्या दुकानाची काच आठवली.

मग म्हटलं, "परत दे. तिच्यावर आळ आलाय."

"देतो की! पण कुठून आली असं विचारलं तर मी काय सांगू? तुझंच नाव येणार. आणि ते कुठे आपल्या बाजूचे होते? परक्यांचं सैन्य ते."

हेच तो तिलाही एकदा म्हणाला होता, अशाच कुठल्याशा गोष्टीवरून. तेव्हा ती म्हणाली होती, "मामा, वीस-एकवीस वर्षांची पोरं असतात ती, तुझ्या धाकट्याएवढी. बाजू नंतर बघू."  मी पर्स उचलून घरी आले आणि चार दिवस विचार करत राहिले. बाटली त्याच्याकडून कशीतरी मिळवून, कागदात गुंडाळून सरांच्या दारात ठेवावी, चिठ्ठी नाही, नाव नाही. मग भावाचा आज दुपारी फोन आला. "एक संग्राहक उद्या सकाळी येतोय. त्याला देऊन टाकतो. तुझाही विषय संपला, माझाही."

उद्या ती बाटली गेली, की शनिवारी चौघांना नावं मिळतील आणि पाचव्याच्या दगडावर काही नसेल. आणि नाव मला पाठ आहे. भाजी घेताना, दात घासताना तोंडात येतंय. पण गुपचूप बाटली पोचवून भागणार नाही, हे आज पिशवी हातात आली तेव्हा कळलं. कितीतरी वर्षं मी तिला म्हणत होते, सोड ते भोकात शिरणं. आज तिने सोडलं. माझ्या मनासारखं झालं, आणि मला माझंच तोंड आरशात बघवत नाही.

भाऊ जन्माचा तुटेल. गटातल्या लोकांसमोर, पथकासमोर माझं नाव निघेल. ऑफिसातल्या त्या दोघींच्याही कानावर जाईल. जाऊ दे.

ते पाकीट मी फेकलं नव्हतं. डब्यामागे होतं, आत्ता काढून समोर ठेवलंय. तोंडाशी डिंकाचे थर वाळून पिवळे पडलेत, लहान मुलानेही ओळखावेत असे. पाठीवर सरांचा नंबर. ती सांगायची, सर फोन उशाशी ठेवून झोपतात आणि रात्री-बेरात्री कधीही उचलतात, कारण तो नंबर फक्त एकाच कामाचा आहे: आत गेलेला माणूस बाहेर आला नाही, तर.

सकाळपर्यंत थांबले तर माझं धैर्य ओसरेल, आणि संग्राहकही येऊन जाईल. पहिलं वाक्य ठरवलंय. "मी चिचुंद्रीची आई बोलतेय. पाकीट मी उघडलं, आणि बाटली कुठे आहे ते मला माहीत आहे." पुढचं सुचेल तसं.

चष्मा लावून आकडे एकेक करून दाबतेय.